सायकल शर्यतीतला सौदा कुठे संपतो आणि लाच कुठे सुरू होते

प्रतिस्पर्ध्याला पैसे चारून सायकल शर्यत जिंकली, असा आरोप व्यावसायिक सायकलिंगमध्ये अधूनमधून होत असतो. हा खेळ नव्याने बघू लागलेल्या माणसाला त्यात दोन गोष्टी कळत नाहीत. हरणारा तयार कसा होतो? आणि शर्यतीत दीडशेहून जास्त जण असताना एकट्याला पैसे देऊन उपयोग काय?

क्रिकेट किंवा फुटबॉलमधलं फिक्सिंग समजायला तसं सोपं आहे. बाहेरचा कुणी सट्टेबाज खेळाडूला वाईट खेळायचे पैसे देतो आणि सट्ट्यात त्याच्या कितीतरी पट कमावतो. सायकलिंगमधल्या गाजलेल्या प्रकरणांत असा सट्टेबाज दिसत नाही. तिथे पैसे दिल्याचा आरोप जिंकणाऱ्यावरच असतो, आणि पैसे घेणारा त्याच्या शेजारीच सायकल चालवत असतो.

हे कसं शक्य होतं ते समजायचं तर सुरुवात हवेपासून करावी लागते.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून जो येतो, त्याला तोच वेग राखायला बरीच कमी, साधारण दोन तृतीयांश ताकद लागते. मोठ्या घोळक्यात, म्हणजे पेलोटॉनमध्ये, तर हा फरक थक्क करणारा असतो. बर्ट ब्लॉकन या संशोधकाच्या गटाने २०१८ मध्ये १२१ जणांच्या पेलोटॉनचा अभ्यास केला. आत, मागच्या बाजूला असलेल्या सायकलपटूला होणारा हवेचा विरोध एकट्याने चालवणाऱ्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के असू शकतो, असं त्यांना आढळलं. आत बसलेला माणूस जवळजवळ फुकटात पुढे जात असतो.

त्यामुळे एकटा पुढे निसटलेला सायकलपटू सहसा पकडला जातो. सोबत कुणी असेल, दोघं आलटून पालटून पुढे येऊन हवा कापत असतील, तर दोघांनाही टिकण्याची आशा असते. आता तो सोबती दुसऱ्या संघाचा, म्हणजे प्रतिस्पर्धीच असण्याची शक्यता जास्त. पुढे राहायचं तर त्याची मदत हवी आणि जिंकायचं तर त्यालाच हरवायचं. सायकलिंगची सगळी गंमत आणि सगळी लबाडी याच पेचातून येते.

समजा, दोघं पुढे निसटले आहेत. अंतिम रेषा १५ किलोमीटरवर आहे आणि मागचे एका मिनिटावर. जो जास्त वेळ पुढे राहून ओढेल, तो शेवटच्या स्प्रिंटला दमलेला असेल. म्हणून दोघांनाही वाटतं की समोरच्याने जास्त ओढावं. दोघांनीही अंग चोरलं, तर मागचे येऊन गाठतील आणि दोघांच्याही हाती काही लागणार नाही. अशा वेळी बोलणी होतात, अगदी सायकलवर बसल्या बसल्या, धापा टाकत. त्यातल्या बऱ्याच बोलण्यांत गैर काहीच नसतं.

चांगलं उदाहरण १९९१ च्या टूर द फ्रान्सचं. ही अनेक दिवसांची शर्यत. रोजचा टप्पा जिंकणारा वेगळा आणि सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून पुढे असलेला वेगळा असू शकतो. पिरेनीज पर्वतातल्या वाल लुरोंच्या टप्प्यात स्पेनचा मिगेल इंदुराइन आणि इटलीचा क्लाउदिओ कियाप्पुची दोघंच पुढे होते. संघ वेगळे, देश वेगळे. इंदुराइनला एकूण वेळेत आघाडी, म्हणजे पिवळी जर्सी हवी होती. कियाप्पुचीला टप्पा जिंकायचा होता. दोघांनी मिळून जीव तोडून ओढलं. टप्पा कियाप्पुचीने जिंकला, इंदुराइनने आयुष्यातली पहिली पिवळी जर्सी घातली आणि ती टूरही जिंकली. इंदुराइनने रेषेवर टप्प्यासाठी झगडा केला नाही. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या, दोघांनी त्या मिळवल्या आणि हे सगळं बघणाऱ्याला दिसत होतं. मोठ्या टूरमध्ये एकाच दिवशी कितीतरी बक्षिसं पणाला लागलेली असतात, म्हणून असे व्यवहार तिथे सहज जमतात. एका दिवसाच्या शर्यतीत मात्र खऱ्या अर्थाने एकच गोष्ट वाटायची असते, पहिला क्रमांक. तो वाटून घेता येत नाही. म्हणूनच पैशाचा मोह एका दिवसाच्या शर्यतींत जास्त.

मधला प्रदेश धूसर आहे. १९८५ च्या स्पेनच्या टूरमध्ये, म्हणजे वुएल्तामध्ये, स्कॉटलंडचे रॉबर्ट मिलर (आताच्या फिलिपा यॉर्क) शेवटून दुसऱ्या दिवशी सर्वांत पुढे होते. पेद्रो देल्गादो सहा मिनिटांहून जास्त मागे होता. त्या दिवशी देल्गादो आणि दुसऱ्या संघाचा होसे रेसिओ पुढे निसटले. मिलर यांचे सहकारी मागे पडले होते, आणि सोबतच्या स्पॅनिश संघांतल्या कुणीही पाठलागाला हात लावला नाही. आघाडीवरच्या या दोघांना किती वेळ मिळाला आहे, हेही मिलर यांना फार उशिरा कळलं. रेसिओने टप्पा घेतला, देल्गादोने वुएल्ता, अवघ्या ३६ सेकंदांच्या फरकाने. या प्रकरणात पैसे फिरल्याचा पुरावा नाही. पण परदेशी माणूस जिंकू नये म्हणून एरवी एकमेकांचे वैरी असलेले संघ गप्प राहिले, असं तेव्हापासून मानलं जातं. मदत न करणं हा गुन्हा ठरवता येत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याला मदत करायला कुणी बांधील नसतो. तरीही त्या निकालाबद्दल आजही वाचताना मन खट्टू होतं.

जागतिक अजिंक्यपद शर्यतीचं वळण आणखी वेगळं. तिथे सायकलपटू देशाच्या जर्सीत उतरतात, पण वर्षभराचा पगार त्यांना वेगवेगळे व्यावसायिक संघ देतात. आज जो देशबंधू म्हणून मदतीला यायला हवा, तो पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रतिस्पर्धी असतो. म्हणून ‘मी जिंकलो तर प्रत्येकाला इतके पैसे’ असं कर्णधाराने आपल्याच सहकाऱ्यांना सांगायची पद्धत जुनी आहे. बेल्जियममधल्या रोन्सेला १९६३ मध्ये रिक व्हान लॉय हा बेल्जियमचा ठरलेला नेता होता. सहकाऱ्यांना त्याने पैसे कबूल केले होते, असं सांगितलं जातं. शेवटच्या स्प्रिंटमध्ये मात्र बेनोनी बेहेट या त्याच्याच देशबंधूने त्याला मागे टाकलं. घरच्या मैदानात झालेल्या त्या ‘विश्वासघाता’ची चर्चा बेल्जियममध्ये कित्येक वर्षं चालली. गंमत बघा, ज्याने पैशाला न जुमानता शर्यत जिंकली, गद्दार तो ठरला.

टूरनंतर गावोगावी होणाऱ्या क्रायटेरियम शर्यतींबद्दल जास्त लिहायची गरज नाही. त्यात मोठ्या खेळाडूंना हजर राहायचे पैसे मिळतात आणि लोकांना हवा तो तारा जिंकतो. ते प्रदर्शन असतं, बहुतेकांना ते माहीत असतं. माझा त्यांच्यावर एकच आक्षेप आहे: निकाल ठरवून लागू शकतो, याची सवय तिथे लागते.

आता नियम. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना युसीआयच्या नियमावलीतलं कलम १.२.०८१ सांगतं की प्रत्येक सायकलपटूने स्वतःची जिंकण्याची संधी खिलाडूपणे राखली पाहिजे, आणि स्पर्धेचा निकाल खोटा ठरवणारं किंवा तिच्या हिताला बाधा आणणारं संगनमत करता कामा नये. कलम छोटं आहे, पण नेमक्या जागी बोट ठेवतं. प्रतिस्पर्ध्याला मदत करू नका, असं ते म्हणत नाही. स्वतःची संधी सोडू नका, म्हणतं. कियाप्पुची आणि इंदुराइन या कसोटीला उतरतात, कारण प्रत्येक जण आपल्याला हव्या त्या विजयासाठीच झटत होता. पैसे घेऊन दुसरा येणारा उतरत नाही.

उघड दिसणारी मदत पकडणं संघटनेला सोपं जातं. २०१५ च्या जिरो द’इतालियामध्ये, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, फोर्लीच्या टप्प्यावर रिची पोर्टचं चाक शेवटच्या काही किलोमीटरांत पंक्चर झालं. त्याचे सहकारी जवळ नव्हते. दुसऱ्या संघातला त्याचा ऑस्ट्रेलियन मित्र सायमन क्लार्क थांबला, स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढून त्याला दिलं. लाखो लोकांनी तो क्षण पाहिला आणि अनेकांना तो आवडला. पण दुसऱ्या संघाकडून चाक घेणं नियमात बसत नाही. पोर्टला २ मिनिटांची शिक्षा आणि २०० स्विस फ्रँकचा दंड झाला. क्लार्कलाही शिक्षा झाली. पंचांचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियम स्पष्ट होता. पण कॅमेऱ्यासमोर दिलेल्या एका चाकाचा निवाडा काही तासांत लागला. बंद दाराआड दिलेल्या पैशाच्या आरोपाचं काय होतं, ते पुढच्या प्रकरणात दिसतं.

२५ एप्रिल २०१०, लिएज–बास्तोन–लिएज. १८९२ पासूनची, एकदिवसीय महाशर्यतींमधली सर्वांत जुनी शर्यत, बेल्जियममधल्या आर्देनच्या चढउतारांवरून अडीचशेहून जास्त किलोमीटर. रोश-ओ-फोकों हा चढ ओलांडल्यावर कझाकस्तानचा अलेक्झांडर विनोकुरोव्ह आणि रशियाचा अलेक्झांडर कोलोब्नेव्ह दोघंच पुढे निसटले. विनोकुरोव्ह २००५ मध्ये हीच शर्यत जिंकलेला. २००७ च्या टूरमध्ये परक्या रक्ताच्या संक्रमणासाठी, म्हणजे डोपिंगसाठी, पकडला गेलेला, दोन वर्षांची बंदी भोगून परत आलेला. कोलोब्नेव्ह जागतिक अजिंक्यपदात दोनदा दुसरा आलेला. मागून फिलिप जिल्बेर पाठलाग करत होता. तो याच भागात वाढलेला, प्रत्येक वळण पाठ असलेला. तो पोचू शकला नाही. आन्सच्या शेवटच्या चढावर विनोकुरोव्हने हल्ला चढवला, कोलोब्नेव्हला त्याचं चाक धरता आलं नाही. विनोकुरोव्ह पहिला, कोलोब्नेव्ह दुसरा.

डिसेंबर २०११ मध्ये ‘लिलुस्त्रे’ या स्विस साप्ताहिकाने काही ईमेल छापल्या. त्या या दोघांमधल्या असल्याचं त्यात म्हटलं होतं. शर्यतीनंतर कोलोब्नेव्हने पैसे पाठवण्यासाठी बँकेचे तपशील कळवले आणि विनोकुरोव्हकडून त्याला एकूण १,५०,००० युरो दोन हप्त्यांत मिळाले, असा आरोप होता. शर्यत जिंकल्याचं बक्षीस या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही. मग कुणी एवढे पैसे का मोजावेत? कारण अशा शर्यतीची खरी कमाई बक्षिसात नसते. ती पुढच्या करारात, प्रायोजकांत, हजेरीच्या मानधनात आणि नावामागे कायमच्या लागलेल्या बिरुदात असते. बंदीनंतर परतलेल्या खेळाडूला तर अशा विजयाचं मोल सांगायलाच नको. हा हेतू मी सांगतो आहे तो ‘कुणालाही असं का करावंसं वाटेल’ याचं स्पष्टीकरण म्हणून. तसं घडलंच, असं कोणत्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही.

विनोकुरोव्हने लाच दिल्याचा आरोप साफ नाकारला. पैसे दिले होते, पण ते उसने होते, ही त्याची बाजू. दरम्यान २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकची रोड रेस त्याने जिंकली आणि तो निवृत्त झाला. बेल्जियममधला खटला रेंगाळत २०१९ मध्ये लिएजच्या न्यायालयात उभा राहिला. सरकारी वकिलांनी दोघांना सहा महिन्यांची कैद आणि मोठा दंड मागितला. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. पैसे हस्तांतरित झाले एवढ्यावरून शर्यत विकली गेली हे सिद्ध होत नाही. निकालाच्या यादीत विनोकुरोव्हचं नाव आहे तिथेच आहे.

निकालाचा मी आदर करतो. संशयाचा फायदा आरोपीला मिळायलाच हवा. पण खटला कोणत्या कायद्याखाली चालला ते जरा जवळून पाहू. बेल्जियमच्या दंडसंहितेत ‘खासगी लाचखोरी’ हा गुन्हा आहे. नोकर माणसाने मालकाच्या नकळत, त्याच्या परवानगीशिवाय, कामाशी निगडित गोष्टीसाठी लाभ घेतला तर तो घडतो. म्हणजे या कायद्याच्या नजरेत फसवणूक होते ती मालकाची. इथे तो मालक म्हणजे सायकलपटूचा संघ. मागून छातीचा भाता फुटेपर्यंत पाठलाग करणारा जिल्बेर या चित्रात कुठेच नाही. रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे राहिलेले प्रेक्षक नाहीत. शर्यतही नाही. खेळातल्या फसवणुकीसाठी वेगळा कायदा असेल, तर प्रश्न निदान योग्य शब्दांत विचारला जातो. इटलीत असा कायदा १९८९ पासून आहे, क्रमांक ४०१. स्पर्धेचा प्रामाणिक निकाल बदलण्यासाठी सहभागी खेळाडूला पैसे देऊ करणं हाच तिथे गुन्हा आहे. संघाला माहीत होतं की नव्हतं, याला महत्त्व नाही.

दुसरी अडचण कायद्याची नाही, पायांची आहे. दोनशेहून जास्त किलोमीटर सायकल चालवल्यावर शेवटच्या चढावर माणूस मागे पडतो तेव्हा तो दमला आहे की थांबला आहे, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. चेहरा दोन्ही वेळा तसाच वेडावाकडा. पेडलवर किती वॅट ताकद पडली ते मोजणारं यंत्र सायकलवर असलं, तरी ते झालेली ताकद मोजतं, राखून ठेवलेली नाही. म्हणून शर्यतीचं चित्रीकरण पुरावा म्हणून जवळजवळ कुचकामी ठरतं. उरतात कागद, बँकेच्या नोंदी आणि माणसांच्या जबान्या. पैसे रोख दिले असतील तर फक्त जबान्या.

त्याचं उदाहरण अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगचं, आणि तेही टूरच्या, पुढे डोपिंगमुळे काढून घेतलेल्या, सात विजयांच्या कितीतरी आधीचं. १९९३ मध्ये अमेरिकेत थ्रिफ्ट ड्रग या कंपनीने तीन शर्यती ओळीने जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. एक शर्यत पिट्सबर्गमध्ये, दुसरी वेस्ट व्हर्जिनियात, तिसरी फिलाडेल्फियात. २१ वर्षांच्या आर्मस्ट्राँगने तिन्ही जिंकल्या. पुढे न्यूझीलंडचा स्टीफन स्वार्ट, जो तेव्हा प्रतिस्पर्धी संघात होता, त्याने शपथेवर सांगितलं की आपल्या संघाने आर्मस्ट्राँगशी झुंज देऊ नये म्हणून ५०,००० डॉलर देऊ करण्यात आले होते. २०१३ च्या डिसेंबरमध्ये इटलीच्या रोबेर्तो गाज्जोलीने ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्राला सांगितलं की आपल्याला १,००,००० डॉलर मिळाले. ते आले पानेत्तोनेच्या, म्हणजे इटलीतल्या नाताळच्या केकच्या खोक्यातून. आर्मस्ट्राँगने हल्ला चढवला तेव्हा आपण दुसरीकडे बघत राहिलो, असंही त्याने सांगितलं.

हे आरोप आहेत, वीस वर्षांनंतरच्या आठवणी आहेत. त्यांची शहानिशा न्यायालयात झालेली नाही. पण त्या बक्षिसाची रचना बघितली की मोह कुठे होता ते ध्यानात येतं. तिसरी शर्यत सुरू होताना आर्मस्ट्राँगसाठी ती दहा लाखांची होती. बाकी सगळ्यांसाठी एक नेहमीची शर्यत. एकाच रेषेची किंमत दोन माणसांसाठी इतकी वेगळी असली, की मधल्या फरकात सौद्याला जागा तयार होते. शर्यतीचे आयोजक आणि प्रायोजक याचा विचार करत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. ओळीने जिंकणाऱ्याला घबाड देण्याची कल्पना जाहिरातीला झकास असते. पण शेवटच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांना विकत घेण्याचं कारणही तीच पुरवते.

पैसे घेणारा कोण असतो, याचाही विचार करायला हवा. तो नेहमी लोभी, बदमाश माणूस असेल असं नाही. सायकलिंगमधले करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात, आणि एका आपटीत हाड मोडून कारकीर्द संपते. आपला वेग शेवटच्या स्प्रिंटला कमी पडणार हे त्याला ठाऊक असतं. शेजारचा म्हणतो, ‘तसाही मीच जिंकणार आहे, फक्त खात्री हवी.’ अशा वेळी पैसे घेणं हरण्याची किंमत वसूल करण्यासारखं वाटू शकतं. मला हे समजतं, पण पटत नाही. कारण संधी त्याच्या एकट्याची नसते. दिवसभर त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारे, बाटल्या आणून देणारे, निसटलेल्यांना पकडून आणणारे सहकारी त्या संधीचे भागीदार असतात. नेत्याने कमावलेलं बक्षीस संघात वाटून घ्यायची सायकलिंगची जुनी रीत आहे, ती याच जाणिवेतून आलेली. गुपचूप घेतलेल्या पैशात मात्र वाटेकरी नसतो.

सुधारणा होत आहेत, पण संथपणे. युरोप परिषदेचा क्रीडा स्पर्धांमधल्या हेराफेरीविरुद्धचा करार २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माकोलाँ इथे सह्यांसाठी खुला झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये अमलात आला. त्यात हेराफेरीच्या व्याख्येत कृती जशी येते तशी जाणूनबुजून न केलेली कृतीही येते, आणि सट्टा लागलेला असलाच पाहिजे अशी अट नाही. सायकलिंगसाठी हे दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत, कारण इथला आरोप बहुतेक वेळा न केलेल्या पाठलागाचा आणि न मारलेल्या स्प्रिंटचाच असतो.

माझ्या मते एक साधा नियम आणखी हवा. वेगवेगळ्या संघांतल्या सायकलपटूंमध्ये ठरावीक रकमेवरचा कोणताही पैशाचा व्यवहार झाला, मग तो उसना असो की भेट, तर तो दोघांनीही युसीआयला आधी कळवायचा. न कळवलेला व्यवहार सापडला तर तेवढ्यावरच शिक्षा. मग पाय दमले होते की थांबवले होते, हे कुणाला सिद्ध करत बसावं लागणार नाही. आणि ज्याने खरंच मित्राला अडचणीत पैसे दिले, त्याला नऊ वर्षांनी न्यायालयात त्याचा खुलासा करत उभं राहावं लागणार नाही.